सात गाठी, आठ गाठी

सुनावणी सोमवारी सकाळी अकराला होती, म्हणून घरातलं भांडण रविवारी दुपारी तीनला ठेवलं होतं. या घरात भांडणं उगाच पेटत नसत. त्यांना आधी निरोप जायचे, वेळ ठरायची आणि चहाचं आधण माणसं मोजून चढायचं.

जागाही ठरलेली. सासऱ्यांचं पंपदुरुस्तीचं वर्कशॉप. घरातली बैठकीची खोली सासूबाईंच्या शिलाई मशीनने आणि गिऱ्हाइकांच्या बिनबाह्यांच्या कपड्यांनी केव्हाच बळकावली होती. वर्कशॉपात खुर्ची एकच, तिचा चौथा पाय वेल्डिंग केलेला, ती वडीलधाऱ्यांची. बाकीच्यांनी रंगाच्या रिकाम्या डब्यांवर बसावं आणि डबा कलंडणार नाही इतपतच आवेश आणावा, असा रिवाज होता.

थोरली सून आज सर्वांत रुंद डबा पाहून बसली होती. ती जिल्ह्याच्या नियोजन कचेरीत होती. पुढच्या वीस वर्षांत जिल्ह्यात घरं कुठे व्हावीत आणि कुठे होऊ नयेत, याचा आराखडा तिने अडीच वर्षं खपून केला होता. धाकट्या दिराने तिला दिलेलं ‘नकाशेवाली’ हे नाव आता बाजारातही चालायला लागलं होतं. आराखड्याची पानं दोनशे बारा. पण लोकांनी वाचलं होतं ते पान चौदा, आणि त्यातलंही एकच वाक्य: पाण्याची पातळी पाहता पुढची दहा वर्षं नव्या घरांना परवानगी देऊ नये.

त्या वाक्याचा आधार तिच्या पाठीमागेच होता, वर्कशॉपच्या दाराच्या आतल्या बाजूला. दारावर लाल रंगात वर्षं आणि आकडे लिहिले होते. दर उन्हाळ्याच्या शेवटच्या रविवारी सासरे, म्हणजे जिल्ह्याचे पंप-मिस्त्री, मागच्या विहिरीत दगड बांधलेली दोरी सोडत आणि दगड पाण्याला टेकेपर्यंत गाठी मोजत. एक गाठ म्हणजे एक हात, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. मग आठवडाभर सायकलवरून आणखी बेचाळीस विहिरी. त्यांच्या आधी त्यांचे वडील हेच करत. पन्नास वर्षांचं असं माप कुठल्याच कचेरीत नव्हतं. कचेरीकडे पाऊस मोजायचं एक भांडं होतं, त्यात कबुतराने संसार मांडला होता.

आजेसासऱ्यांनी शेवटचं माप घेतलं तेव्हा पाणी अठ्ठावीस हातांवर होतं. आता सदतीसवर. पंचवीस वर्षांत नऊ हात. त्यातले चार तर एकाच वर्षात गेले होते: म्हातारे वारले आणि काम मिस्त्रींकडे आलं, त्या वर्षी. सगळ्या विहिरी एकदम उतरल्या. जितकी विहीर खोल, तितकी जास्त. सुनेने यावर आराखड्यात दोन पानांचं भूगर्भशास्त्रीय स्पष्टीकरण दिलं होतं. ते साहेबांना फार आवडलं होतं.

बाजारात मात्र त्या वर्षाचं स्पष्टीकरण एका ओळीत होतं. म्हातारा जाताना पाणी घेऊन गेला. कोणी जास्त तिखट असलं तर म्हणे, मुलाचा पायगुण. हे कानावर पडलं की मिस्त्री उठून पंपाचा एखादा नट आवळायला जात. तो आधीच आवळलेला असे.

“सुरू करायचं का?” धाकटा, डंपरवाला दीर म्हणाला. त्याचे चार डंपर महिनाभर झाडाखाली उभे होते आणि त्याचा चेहराही त्यांच्याच रांगेत लावावा असा झाला होता. “हे बिल्डरचं संमतीपत्र. माळावरची आपली अकरा एकर घरांसाठी खुली करा, असं आपण वारस म्हणतो. बाबांची सही, आत्याची सही. उद्या सुनावणीत ठेवायचं. संपलं.”

“भाऊजी, माळ आपला आहे हे मी आराखड्याच्या पहिल्याच पानावर लिहिलंय,” सून म्हणाली. “घरच्यांनीच उद्या अर्ज दिला तर लोक काय म्हणतील?”

“लोक आत्ता काय म्हणतात ते ऐकलंस का, वहिनी? माझी पोरगी दवाखान्यात नर्स आहे. रोज दोन तास बसने येते, दोन तास जाते. का? तर इथे भाड्याने खोली नाही. खोली का नाही? तर घर बांधायचं नाही. का बांधायचं नाही? तर तिच्याच काकूने नकाशा काढलाय! दहा वर्षांनी इथे राहणार कोण? तुझे नकाशे?”

हे सगळं सुनेला गेले सहा महिने ठाऊक होतं. दहा वर्षं कुलूप लावायला तिचाही हात धजावत नव्हता. पण आकडा आकडा होता.

“मी वाढीच्या विरुद्ध नाही हो. पाणी बघून वाढा म्हणते. चारशे घरं माळावर बांधलीत तर चारशे नळ कुठे बुडवणार?”

“दोघांचंही बरोबर आहे,” तिचा नवरा म्हणाला. तो औषधांच्या दुकानात बसे आणि प्रत्येक मताला थोडा थोडा डोस देई.

“तू गप रे,” भाऊ म्हणाला.

“तुम्ही गप बसा हो,” बायकोही म्हणाली. त्या दुपारचं ते पहिलं एकमत.

इतक्यात दाराशी रिक्षा थांबली आणि आत्या उतरल्या.

आत्या म्हणजे मिस्त्रींची थोरली बहीण. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, उंच, काठीसारख्या सरळ. त्या बापावर गेल्या होत्या आणि मिस्त्री आईवर. दोघं शेजारी उभे राहिले की एकाच घरातला खांब आणि पाट वाटत. त्या या घरात फारशा येत नसत. आल्या तर स्वतःची गादी वळकटी करून आणत, कारण भावाच्या घरच्या कापसावर झोपायचं नाही, हे त्यांनी वडिलांच्या वाटणीनंतर जाहीर केलं होतं. वाटणीत घर, वर्कशॉप, माळ सगळं भावाकडे आलं. माळाच्या कागदावर बहिणीचं नाव राहिलं ते कारकुनाच्या आळसामुळे. त्या दिवशी त्या काही न बोलता निघून गेल्या होत्या. तेव्हापासून आज पंचवीस वर्षं त्या ते न बोललेलं बोलत होत्या.

“कुठे सही करायची?” खुर्चीत बसत आत्या म्हणाल्या.

“अगं ताई, चहा तरी...” मिस्त्री म्हणाले.

“चहा सहीनंतर. मला तुमच्या माळाचं काय कौतुक? विका, पेरा, नाहीतर विमानं उतरवा. ” मग भावाकडे बघून, “धाकट्या, तुला नको असेल तर मला हवं, एवढं सरळ आहे.”

डंपरवाल्याने पेन पुढे केलं. सुनेला वाटलं, संपलं. अडीच वर्षांचं काम एका आतेसासूच्या रुसव्यावर संपावं, हे कुठल्याच पाठ्यपुस्तकात नव्हतं.

सासूबाई तेवढ्यात वळकटी आत घ्यायला वाकल्या होत्या. त्या वाकल्या आणि तशाच राहिल्या.

“वन्सं, ही वळकटीची दोरी कुठली?”

“कुठली म्हणजे? बाबांची. विहिरीची.” आत्यांचं पेन हवेत थांबलं. “त्या दिवशी जाताना खुंटीवरून काढून नेली. तुम्ही कोणी काही दिलं नाहीत, मी माझ्या हाताने घेतलं. आता कपडे वाळत घालते तिच्यावर; आज दुसरी सापडली नाही म्हणून गादीला बांधली. गाठींमुळे चिमटे सरकत नाहीत.”

मिस्त्री एकदम नट आवळायला उठले.

“थांबा हो जरा,” सासूबाई म्हणाल्या. चाळीस वर्षं त्या माणसांकडे नुसतं बघून छातीचं माप सांगत. “या गाठी लांब लांब आहेत.”

“लांब म्हणजे?”

“लांब म्हणजे लांब. यांच्या दोरीच्या अशा नाहीत. मी रोज बघते ना ती, खुंटीवर लटकलेली.”

मिस्त्रींची दोरी खुंटीवरून खाली आली. दोन दोऱ्या वर्कशॉपच्या फरशीवर शेजारी शेजारी ताणल्या गेल्या; एका टोकाला डंपरवाला, दुसऱ्या टोकाला औषधवाला, लहानपणी भांडत तसे. सून गुडघ्यांवर बसून गाठी मोजायला लागली. पहिल्या गाठीला तीन बोटं फरक. तिसरीला जवळजवळ वीतभर. आणि मग एका जागी दोन गाठी अगदी मांडीला मांडी लावून बसल्या.

“बाबांच्या वडिलांच्या सात,” ती हळूच म्हणाली. “बाबांच्या आठ.”

पुढच्या सातांनाही आठ. अठ्ठाविसाला बत्तीस. तिने मान वळवून दाराकडे पाहिलं. आजेसासऱ्यांचं शेवटचं वर्ष, अठ्ठावीस. मिस्त्रींचं पहिलं वर्ष, बत्तीस.

फरक पंचवीस वर्षं दारावर लाल रंगात लिहिलेला होता.

“बाबा,” ती म्हणाली, “नवी दोरी तुम्ही कशी केलीत?”

मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. “अशी.” कोपर वाकवून त्यांनी हात पुढे धरला. “हात म्हणजे हात. दुसऱ्या कोणाचा आणणार?”

“आणि आत्यांकडून दोरी परत का नाही मागितलीत?”

मिस्त्री बहिणीकडे बघेनात. “तिने खुंटीवरून काढली तेव्हा मी दारातच होतो. तिला वाटलं, मी बघितलं नाही.”

“मागितली असतीस तर दिली असती मी,” आत्या म्हणाल्या.

“म्हणून तर मागितली नाही.”

सून फरशीवर तशीच बसून राहिली. तिला हसू येत होतं. हात म्हणजे दीड फूट, असं शाळेत शिकवल्याप्रमाणे तिने सगळ्या आकड्यांचे फूट केले होते. गेल्या वर्षी पोलादी टेप सोडून पडताळाही घेतला होता. दीड फुटाचा फरक आला, तो सासऱ्यांच्या मानाखातर आणि ओल्या टेपखातर सोडून दिला. हात कोणाचा, हा प्रश्न तिला पडलाच नाही. आणि ते दोन पानांचं भूगर्भशास्त्र! जमीन बिचारी जागच्या जागी होती. आखूड पडली होती ती दोरी.

“एक मिनिट,” डंपरवाला म्हणाला. आवाजात दिवाळखोराला सोनं सापडल्याचा सूर होता, पण माणूस सावध. “पंचवीस वर्षं ओल्या चादरी वाळवल्यात हिच्यावर. दोरी ताणली गेली असेल तर?”

प्रश्न बरोबर होता. सुनेला दिराचा पहिल्यांदाच अभिमान वाटला.

“ताणली?” आत्या उठल्याच. बाही कोपरावर सारून त्यांनी हात टेबलावर आपटला. “बाबांचा आणि माझा हात एका मापाचा. मी वीस वर्षांची असताना त्यांनी ही दोरी केली, तेव्हा सगळ्या गाठी माझ्या हातावर बांधल्यात. त्यांना एका हाताने गाठ मारता येत नव्हती. आण गं टेप!”

सासूबाईंच्या गळ्यात टेप असायचाच. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत: वीस इंच. दोन गाठींमधलं अंतर: वीस इंच. मग न सांगता त्या नवऱ्याकडे वळल्या. साडेसतरा.

“लग्नापासून यांच्या बाह्या आत घेतेय,” त्या म्हणाल्या. “मला कोणी विचारलंच नाही.”

मग सगळी वरात मागच्या विहिरीवर. जुनी दोरी पंचवीस वर्षांनी आत सुटली. आत्यांनी सोडली, मिस्त्रींनी मोजलं. बत्तीस गाठी आणि वर नऊ-दहा बोटं. अठ्ठाविसाचे बत्तीस. पंचवीस वर्षांत चार हात आणि वर थोडं. तेरा-साडेतेरा फूट नव्हे, साडेसात फुटांच्याही आत.

“म्हणजे पाणी आहे!” डंपरवाला ओरडला. विहिरीतूनही तेच ऐकू आलं. “वहिनी, आहे पाणी! आता बांधा माळावर चारशे!”

“निम्म्याने कमी गेलंय, भाऊजी. गेलं नाही असं नाही.” सुनेने विहिरीच्या काठावर कागद धरला होता आणि पेन्सिल पळत होती. “सात भागिले आठ... दर वर्षी चाळीस घरं निभतील. जुन्या वस्तीला लागून, जिथे नळ, रस्ता, शाळा आहे तिथे. तुमच्या नर्सबाईंचं घर त्यात बसतं. दर उन्हाळ्यात माप घ्यायचं, टेपने. पाणी ठरल्याहून खाली गेलं तर पुढच्या वर्षी थांबायचं.”

“आणि माळ?”

उत्तर मिस्त्रींनी दिलं. आज दुपारपासून ते पहिल्यांदाच न विचारता बोलले. “पाऊस माळावर जिरतो रे. तीन महिन्यांनी या विहिरीत उतरतो. मी पंपाचं पाणी चाखून सांगू शकतो, ते माळावरचं आहे. टाकीवर घर बांधतात का कोणी?”

“वाढत्या पोराचा कपडा शिवताना आत दोन बोटं दुमड ठेवतात,” सासूबाई म्हणाल्या. “पोर वाढलं की उसवायची. पहिल्याच दिवशी सगळं कापड वापरलं तर पुढच्या वर्षी पोराचे गुडघे उघडे. माळ म्हणजे दुमड.”

अडीच वर्षांत दोनशे बारा पानांत सुनेला जे सांगता आलं नव्हतं, ते सासूबाईंनी दोन बोटांत सांगितलं. तिने ते कागदाच्या कोपऱ्यात उतरवून घेतलं.

“सगळं ठीक आहे,” औषधवाला म्हणाला, “पण उद्या हे सांगायचं कशाला? आकडा चुकला म्हटलं की बिल्डरचा वकील सगळा आराखडाच फाडेल. आणि बाबांचं काय? पंचवीस वर्षं चुकीचं मोजलं म्हणून गावभर... दुरुस्ती मागाहून गुपचूप घालता येईल.”

तो कधी नव्हे ते एकच मत सांगत होता, आणि ते मायेपोटी होतं. म्हणून सुनेने ते दोनदा तोलून पाहिलं. सांगितलं तर आराखडा जाईल आणि म्हाताऱ्याचं हसं होईल. नाही सांगितलं तर चाळीस-चाळीस घरं एका खोट्या आकड्याखाली दहा वर्षं गाडली जातील, आणि ते आकडे तिच्याच अक्षरात असतील. तिने सासऱ्यांकडे पाहिलं.

मिस्त्री विहिरीत बघत होते.

“ताई,” ते म्हणाले, “म्हणजे त्या वर्षी पाणी गेलंच नव्हतं.”

“नव्हतं रे.”

“बाबा गेले तेव्हा.”

“होतं तिथेच होतं, धाकट्या.”

मिस्त्रींनी डोळे पुसले नाहीत. त्यांनी हात पुसले, जुन्या फडक्याला, बराच वेळ. मग सुनेला म्हणाले, “उद्या मीही येतो.”

आत्यांनी संमतीपत्राची घडी घातली, तिचीच सुरळी केली आणि डुगडुगणाऱ्या खुर्चीच्या चौथ्या पायाखाली सारली. “चहा आणा,” त्या म्हणाल्या.

सोमवारी सभागृह भरलं होतं, आणि बहुतेक लोक भांडायच्या तयारीने जेवणाचे डबे घेऊन आले होते. सून उठली आणि म्हणाली, “पान चौदावरचा आकडा चुकला आहे. चूक माझी. पान पंधरा आणि सोळावर जे भूगर्भशास्त्र आहे, ते वाचू नये.”

कारकुनाचं पेन थांबलं. कचेरीने स्वतःहून चूक कबूल केल्याचा हा पहिलाच प्रसंग असल्यामुळे तो कुठल्या रकान्यात लिहावा, हे त्याला समजेना.

बिल्डरचा वकील उभा राहिला. “म्हणजे या आराखड्यातलं मापच खोटं! हात, हात काय लावलंय? हात म्हणजे नेमका किती?”

“एवढा,” मागून आवाज आला. मिस्त्री बाकाच्या टोकाशी उभे होते, बाही सारलेली, कोपर वाकवलेलं. “हा माझा. माझ्या बापाचा मोठा होता.” शेजारी उभ्या आत्यांनी आपला हात त्यांच्या हाताला लावून धरला, अडीच इंच पुढे आला. “माप खोटं नाही साहेब. दोन्ही खरीच आहेत. मी मोजायला आखूड पडलो, एवढंच.”

कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले. मिस्त्री हात तसाच धरून उभे होते.

पुढच्या रांगेतली दूधवाली, जिच्या विहिरीवर मिस्त्री दर उन्हाळ्यात सायकल टेकवत, अवघडून उठली. “मग त्या वर्षी... आम्ही म्हणायचो ते... म्हातारा पाणी घेऊन गेला...”

“नाही नेलं,” मिस्त्री म्हणाले. “बघितलं काल.”

हसणं थांबलं. दूधवालीने आधी खाली पाहिलं आणि मग मिस्त्रींना बसायला स्वतःची जागा दिली.

त्यानंतर वकिलाला फारसं ऐकून घेणारं कोणी उरलं नाही. ज्यांना दहा वर्षं घर नाही म्हणून ओरडायचं होतं, त्यांना वर्षाला चाळीस मिळाली होती; ज्यांना माळ वाचवायचा होता, त्यांचा माळ वाचला होता; आणि जे नुसतेच ओरडायला आले होते, ते डबे उघडून बसले. अध्यक्षांनी पंधरा दिवसांत दुरुस्त पानं मागितली आणि तत्त्वतः मान्यता दिली. डंपरवाल्याने फोन काढून लेकीला विचारलं की शाळेमागची गल्ली तिला चालेल का. चाळीस घरांची वाळूही कोणालातरी वाहायची होतीच.

संध्याकाळी मिस्त्रींनी लाल रंगाचा डबा उघडला. सुनेला वाटलं, ते पंचवीस आकडे खोडतील. त्यांनी एकही खोडला नाही. फक्त आपल्या पहिल्या वर्षापुढे, बत्तिसाच्या शेजारी, लहान अक्षरात लिहिलं: पाणी होतं.

आत्या निघाल्या होत्या. वळकटी बांधायला दोरी नव्हती. ती खुंटीवर होती, पंचवीस वर्षांपूर्वीच्या जागी, आणि काढ असं कोणी म्हणत नव्हतं. त्याही नाही. मिस्त्रींनी आपली दोरी आणून दिली.

आत्यांनी ती गादीभोवती फिरवली, ताणली, आणि भावाकडे बघितलं.

“आखूड आहे रे.”

“एक गाठ जास्त घे, ताई,” मिस्त्री म्हणाले.